कारण कळलं की भूत गेलं : अलीकडं वाचलेल्या भय आणि अद्भुत कादंबऱ्या

रातकिडा, परभणी

दिवाळीनंतर भयकादंबऱ्या आणि फँटसीचा सपाटा लावला होता. काही औरंगपुऱ्यातून आणल्या, काही किंडलवर घेतल्या. मतं रोखठोक लिहितोय, पटली नाहीत तर खुशाल भांडा. रहस्यं फुटणार आहेत, ज्यांना वाचायच्यात त्यांनी इथूनच मागं फिरावं.

आधी 'मेक्सिकन गॉथिक'. सिल्व्हिया मोरेनो-गार्सियाची, 2020 ची. काळ 1950 चा, बंद पडलेल्या चांदीच्या खाणीजवळ डॉयल नावाच्या इंग्रज कुटुंबाचं डोंगरावरचं घर. त्या घरात लग्न करून गेलेली नात्यातली बहीण भलतंसलतं पत्र पाठवते, म्हणून नोएमी तिला बघायला जाते. निम्मी कादंबरी अशी की पान उलटायला हात धजत नाही. जेवताना कुणी बोलायचं नाही, बहिणीला निवांत भेटू देत नाहीत, भिंतीवरचा ओलसर कागद रात्री हलल्यागत वाटतो. आणि मग लेखिका सगळं समजावून सांगायला बसते. भिंतीत बुरशी आहे, बुरशीत मेलेल्यांच्या आठवणी साठतात, म्हातारा हॉवर्ड तिच्याच जोरावर अंगं बदलत जगतोय. झालं! जीवशास्त्राचा तास सुरू झाला आणि भीती पसार. पुढं नुसती पळापळ आणि जाळपोळ.

याच्या उलट शर्ली जॅक्सनची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस'. 1959 ची, जुनी आहे, पण मी आत्ता वाचली. त्यात रात्री पलीकडून लेकराच्या रडण्याचा आवाज येतोय, खोलीत मिट्ट काळोख, आणि एलिनॉर शेजारच्या थिओडोराचा हात गच्च धरून पडलीय. इतका गच्च की बोटांची हाडं लागतायत. दिवा लागतो तर थिओडोरा पार पलीकडच्या पलंगावर. मग हातात हात कुणाचा होता? जॅक्सनबाई शेवटपर्यंत सांगत नाहीत. त्या रात्री मी पांघरुणाबाहेर हात काढला नाही, हसायचं त्यानं हसावं.

सुझाना क्लार्कची 'पिरानेसी' (2020, पुढच्या वर्षी विमेन्स प्राइझ मिळालं) ही खरं तर फँटसी, पण यंदाची माझी सगळ्यात आवडती. न संपणारी दालनांमागून दालनं असलेलं एक घर, पुतळेच पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र. नायक भरतीचा हिशेब वहीत मांडतो आणि तिथं सापडलेल्या हाडांना नेमानं खाऊपिऊ घालतो, कमळं वाहतो. तो तिथं कसा आला ते कळतं, अगदी पोलिसी तपासासारखं कळतं. पण घर काय आहे ते कुणाच्या बापाला कळत नाही. म्हणून ती पुरून उरते.

आर. एफ. कुआंगची 'द पॉपी वॉर' (2018) मात्र अर्धीच गोड लागली. अनाथ रिन लग्न टाळण्यासाठी देशपातळीवरच्या परीक्षेला बसते, झोप येऊ नये म्हणून अंगावर पेटत्या मेणबत्तीचं मेण पाडून घेते. हे वाचताना लातूरची ट्यूशनची गल्लीच डोळ्यांपुढं आली. पुढं देव अंगात येऊ लागले आणि माझा रस आटला.

शेवटी आपले मराठी भयकथावाले नारायण धारप. 'लुचाई' पुन्हा काढली. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली असली तरी गाव आपलं वाटतं, हे त्यांचं कसब. पण त्यांच्या समर्थांच्या, म्हणजे भुताखेतांना पुरून उरणाऱ्या त्यांच्या नायकाच्या, कथा आता वाचवत नाहीत. समर्थ आले की भुताचं काही चालणार नाही हे आपल्याला ठाऊक, लेखकाला ठाऊक, भुतालाही ठाऊक.

धारपवेडा, नांदेड

रातकिडेराव, शेवटचं वाक्य टाळ्या घ्यायला लिहिलंय, पण साफ चूक आहे. समर्थांच्या गोष्टीत 'वाचतील का' हा प्रश्न कधीच नव्हता. 'तोपर्यंत काय काय बघावं लागेल' हा होता. आणि तोपर्यंतचं धारप जे लिहितात ना, ती कुबट खोली, तो वास, हळूहळू बदलत जाणारा घरातलाच माणूस, ते वाचून बघा दिवे गेल्यावर. आम्ही शाळेत असताना तालुक्याच्या वाचनालयात धारपांची पुस्तकं नंबर लावून मिळायची. पाठीमागची पानं गायब असायची, कुणीतरी शेवट फाडून नेलेला. तुमच्या सिद्धांताप्रमाणं तर आम्हाला सोन्याहून पिवळं व्हायला पाहिजे होतं! तसं काही झालं नाही, आम्ही फाडणाऱ्याच्या नावानं खडे फोडायचो.

अंबाजोगाईची वाचक

दादा, 'मेक्सिकन गॉथिक' तुम्ही चुकीच्या खोलीत बसून वाचलीत. तुम्हाला बुरशी दिसली, मला तो घरचा डॉक्टर दिसला. बाई ओरडून सांगतीय की इथं काहीतरी गडबड आहे, आणि डॉक्टर म्हणतो क्षय आहे, विश्रांती घ्या. नवरा म्हणतो तिचं डोकं ठिकाणावर नाही. दुसरा डॉक्टर बोलवा म्हटलं की सगळं घर तोंड फिरवतं. यात समजायला अवघड काय आहे? आमच्याकडं अशा सासरांना बुरशी लागत नाही, एवढाच फरक.

बुरशीचा खुलासा झाल्यावर माझी भीती वाढली. कारण तेव्हा कळतं की त्या म्हाताऱ्याला बायका कशासाठी पाहिजेत. तो रक्ताच्या शुद्धतेवर बोलतो, नोएमीच्या सावळ्या रंगावर तिच्या तोंडावर बोलतो, आणि ही असली माणसं वर्षानुवर्षं खाणीत स्थानिक मजूर मरू देत श्रीमंत झालेली. खुलासा नसता तर ती नुसती भुताची गोष्ट राहिली असती.

हिल हाउसबद्दल मात्र सहमत. तो हात माझ्याही डोक्यातून जात नाही.

रातकिडा, परभणी

ताई, डॉक्टरचं पटलं, तो माणूस खरंच अंगावर येतो. पण तो तर खुलाशाच्या आधीच आलेला आहे! त्याची भीती वाटायला बुरशीची गरज कुठं पडली? मी तेच म्हणतोय.

औसा रोड

'कारण कळलं की भीती जाते' हे वाक्य आमच्या भागात येऊन म्हणून दाखवा.

30 सप्टेंबर 1993. विसर्जन उरकून माणसं झोपलेली, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आमची घरं म्हणजे दगडमातीच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, आणि त्या पहाटे तेच सगळं अंगावर. आदल्या वर्षीपासून जमिनीतून आवाज येत होते, हादरे बसत होते. कारण पुढं शास्त्रज्ञांनी सांगितलं, पेपरात नकाशे आले. माझ्या आजीला ते सगळं वाचून दाखवलं होतं. तरी ती शेवटपर्यंत छताखाली झोपली नाही, पावसाळ्यातसुद्धा पत्र्याच्या पडवीत बाज टाकायची.

म्हणून मला झपाटलेल्या घराच्या कादंबऱ्या भिडत नाहीत. घर एरवी भरवशाचं असतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी त्या लिहिलेल्या असतात.

गोदाकाठ, पैठण

औसा रोडभाऊंच्या पुढं बोलायला जीभ रेटत नाही, पण विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. सगळे इंग्रजीत शोधताय आणि वेताळ आमच्या गावचा आहे. विक्रम-वेताळ म्हटलं की लोक उज्जैन म्हणतात. पण काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात 'कथासरित्सागर' लिहिला, त्यात ती गोष्ट गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानाच्या राजाची आहे, त्रिविक्रमसेनाची. प्रतिष्ठान म्हणजे पैठण.

एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला फळ देतो. राजा ते न बघता कोठाराकडं धाडतो. एक दिवस माकड फळ फोडतं तर आत रत्न. इतके दिवस हा काय देत होता आणि का? झाली सुरुवात. पुढं स्मशान, झाडाला लटकलेलं प्रेत, आणि प्रेतातला वेताळ नियम सांगतो: उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोकं फुटेल. बोलला की मी परत झाडावर. सगळे नियम उघड, एकही लपवाछपवी नाही. तरी ती रात्र संपता संपत नाही. आता सांगा रातकिडेराव, कुठं गेला तुमचा सिद्धांत?

रातकिडा, परभणी

नियम सांगितलाय, कारण कुठं सांगितलंय? वेताळ त्या प्रेतात का शिरला, झाडावरच का परततो, सोमदेव त्यावर प्रवचन देत नाही. हॉवर्डच्या बुरशीनं ते दिलं. वेताळ माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे.

औसा रोडभाऊ, तुमच्या आजींच्या भीतीला मी कादंबरीच्या मापानं मोजणार नाही. ती वेगळी गोष्ट आहे. पण कादंबरीत लेखक सांगेल तेवढंच घडतं, म्हणून तिथं त्यानं किती सांगावं यावर भांडता येतं.

धारपवेडा, नांदेड

म्हणजे पटलं नाही की लगेच 'नियम वेगळा, कारण वेगळं'! वकिली करता काय हो परभणीत?

स्पष्टवक्ता

एवढ्या गढ्या पडल्यात मराठवाड्यात, बारवा आहेत, मुंजा आहे, सातीआसरा आहेत, रात्री शेतातून येताना चकवा लागलेले चुलते घरोघरी आहेत. आणि चर्चा मेक्सिकोची. चालू द्या.

अंबाजोगाईची वाचक

मग लिहा की तुम्ही. आम्ही वाचू, आणि इतक्याच कडक शब्दांत मत देऊ.

बारावी नंतरची, लातूर

मी 'द पॉपी वॉर'वर बोलणार, कारण ट्यूशनच्या गल्लीत दोन वर्षं मीच काढलीत. दादा म्हणतात परीक्षेचा भाग गोड लागला. गोड? रिन स्वतःला भाजून घेते आणि तुम्ही त्याला गोड म्हणता! मला तर तीच खरी हॉरर वाटली. मेसचा डबा, भिंतीला चिकटवलेली सूत्रं, घरून रोजचा एकच फोन: टेस्टला किती पडले?

आणि देव अंगात येण्याचा भाग तुम्ही सोडून दिलात, पण पुस्तक तिथंच उभं आहे. परीक्षेनं रिनला एकच शिकवलं, पाहिजे ते मिळवायचं तर स्वतःला जाळायचं. पुढं अग्नीची देवता तिच्याकडं तेच मागते, तेव्हा तिला नवल वाटत नाही. सवयच असते. पुढं युद्धात जी कत्तल येते ती जपानी सैन्यानं 1937 मध्ये चीनच्या नानजिंग शहरात केलेल्या कत्तलीवरून घेतलेली आहे. तिथं लेखिका काही म्हणजे काही लपवत नाही, कारणासकट सगळं सांगते. मी ते प्रकरण एका दमात वाचू शकले नाही, पुस्तक पालथं ठेवून पाणी प्यायला गेले. तुम्ही तो भाग खरंच वाचला, की देव आले म्हणून पानं उलटली?