पळवाट दत्तकातूनच जाते
१९७१च्या कायद्याचं संरक्षण असताना अमेरिकेतले रानघोडे कत्तलखान्यात पोचतात कसे, हा प्रश्न रास्त आहे. थेट कुणी पाठवत नाही. संख्या कमी करायला सरकार नेवाडा राज्यात हेलिकॉप्टरने कळप हाकत आणतं. कुंपणाच्या तोंडाशी एक शिकवलेला घोडा सोडतात, तो आत धावतो आणि बाकीचे त्याच्यामागून. पुढे दत्तक. २०१९पासून २०२५पर्यंत दत्तक घेणाऱ्याला सरकार घोड्यामागे १००० डॉलर देत होतं! वर्षभराने मालकी मिळाली की कायद्याचं कवच गळतं. मग लिलाव, तिथून मेक्सिको नाहीतर कॅनडा, कारण अमेरिकेतले घोड्यांचे कत्तलखाने २००७मध्येच बंद पडले. संख्या आवरायचीच तर घोडींना डार्टने गर्भनिरोधक लस देता येते. फक्त ती पुन्हापुन्हा टोचावी लागते, तेवढी चिकाटी हवी.