आजीचा बिडाचा तवा गंजलाय, कोरही तुटलीये, वाचेल का?

तापीकाठची_पोर
नमस्कार मंडळी. चोपड्याजवळच्या गावातलं आमचं धाब्याचं घर यंदा उतरवलं, तेव्हा कोठीत गोणपाटात गुंडाळलेला आजीचा बिडाचा तवा आणि एक कढई सापडली. बारा-तेरा वर्षं कोणी हात लावलेला नाही, बोट फिरवलं की विटकरी भुकटी लागते आणि कडेला नखाएवढा टवका उडालाय. वहिनी म्हणते भंगारात दे, दादा म्हणतो हॉलमध्ये भिंतीवर लावू (!!), मला मात्र त्याच्यावर कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी करायचीय. मागच्या आठवड्यात उत्साहात तारेच्या घासणीने घासला, धुतला, ओट्यावर तसाच पालथा ठेवला आणि सकाळी परत लाल, ओट्यावर पण गोल डाग. आजी ओरडायची ते तेव्हा आठवलं, "तवाले पानी नको दखाडू!" आता गॅरेजवाला म्हणतो ग्राइंडर मारून चकाचक करून देतो, देऊ का? टवक्याला वेल्डिंग होतं का?

अमळनेरची_मामी
ग्राइंडर नको गं बाई!! इतक्या वर्षांच्या भाकऱ्यांनी तो गुळगुळीत झालाय, त्याच्यावर चरे पाडून काय मिळणार. विटेचा तुकडा घे, कोरडाच घास, मग राख आणि नारळाच्या शेंडीने. गरम पाण्याने एकदा धुवून लगेच गॅसवर ठेव, पूर्ण सुकला पाहिजे, फडक्याने पुसला म्हणजे सुकला असं नाही. तू तिथेच चुकलीस. मग कोमट असताना शेंगदाण्याचं तेल अगदी नावाला लावायचं आणि पुसून काढायचं, चुकून लावलं होतं असं वाटेल इतकं पुसायचं, मग धूर निघेपर्यंत तापव. असं तीन-चार वेळा.

भट्टीवाला
मी फाउंड्रीत काम केलंय म्हणून सांगतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड, कार्बन साधारण 2 ते 4 टक्के, त्यामुळे ते पत्र्याच्या तव्यासारखं वाकत नाही, सरळ तुटतं. टवका असू द्या, तडा आहे का ते बघा. माठ घेताना वाजवतो तसं, तवा दोरीला टांगून चमच्याने वाजवा, खणखणला तर ठीक, बद्द आवाज आला तर मग खुशाल भिंतीवर लावा. वेल्डिंगच्या नादी लागू नका, निकेलचा रॉड लागतो, आधी तापवावं लागतं, तरी बाजूला दुसरी चीर जाते. आणि तापलेल्या तव्यावर गार पाणी कधीच नाही, आजीचं "पानी नको" हे पण असू शकतं.
ते काळं जे चढतं ते तेल राहत नाही, तापून त्याचा कडक थर होतो, म्हणून आजकालच्या भांड्याच्या साबणाने लगेच जात नाही, भिजत ठेवल्याने मात्र जातो.

कळणा_न_ठेचा
काय भो, भाकरीच्या तव्याला कोणी तेल लावतं का 😄 आमची माय भाकरीचा तवा वेगळा आणि धिरड्याचा वेगळा ठेवायची, अदलाबदल केली की उलथण्याचा मार. तेलकट तव्यावर भाकरी नीट भाजतच नाही.

अमळनेरची_मामी
अरे गंज काढल्यावर एकदा बसवायलाच तेल, रोज कोण लावतंय! एकदा बसलं की भाकरी कोरडीच टाकायची. आणि तुझ्या नावात ठेचा आहे म्हणून सांगते, मिरची-लसूण तव्यावरच भाजून तांब्याच्या बुडाने तव्यातच रगडते मी, पण ठेचा काढला की मीठ लगेच पुसून घे, नाहीतर सकाळी परत लाल.

धुळे_ते_पुणे
कढईचं कोणीच बोललं नाही. चिंच, टोमॅटो, ताक काही शिजवू नका तिच्यात, चव लोखंडी येते. मी वांग्याची भाजी रात्रभर तशीच ठेवली होती, सकाळी शाई.

तापीकाठची_पोर
अपडेट! वाजवला, मस्त खणखणला. पहिल्यांदा तेल जास्त झालं तर तवा नुसता चिकट, गोळीच्या कागदासारखा, परत घासून पहिल्यापासून. चार थर दिले. पहिल्या दोन भाकऱ्या चिकटल्या, कावळ्यांना घातल्या, तिसरी टम्म.
आणि ऐका, टवका बघून आप्पा हसायलाच लागले. 72 च्या दुष्काळात रोज लाल मिलोची (रेशनवरच्या परदेशी ज्वारीची) भाकरी खाऊन वैतागले होते, रागात तवा चुलीवरून खाली ढकलला, तो टवका त्यांचाच. आजीने त्या रात्री जेवायला दिलं नाही म्हणे. काल चार भाकऱ्या खाल्ल्या त्यांनी. वहिनीनेही दोन, भंगाराचा विषय कोणी काढला नाही. कढई अजून गोणपाटातच आहे, रविवारी घेते.