लसीकरणाच्या दिवशीच ज्येष्ठांची तपासणी? माझा ठाम विरोध

माळरान:
ग्राम आरोग्य व पोषण दिनालाच, म्हणजे गावात महिन्याचं लसीकरण असतं त्या दिवशीच, ज्येष्ठांचं बीपी-शुगर तपासून घ्या, आरोग्य सेविका, आशा, अंगणवाडी सेविका, सरपंच सगळे एका जागी सापडतात, अशी सूचना काल इथे आली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. लसीकरणाचं सत्र चालतं कसं, ते तरी बघा! गोवर-रुबेलाची कुपी एकदा विरघळवली की ४ तासांत वापरायची, नाहीतर फेकायची. लस दिल्यावर बाळाला अर्धा तास थांबवायचं. शेजारी गरोदर बाईची तपासणी. त्या कल्लोळात बीपी बरोबर येईल? आधी ५ मिनिटं शांत बसणं, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू-मिश्री बंद. यातलं काहीच पाळलं जात नाही. मग १४०/९० च्या वर आकडा येतो, आजोबांना प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडतात, तिथे बीपी नॉर्मल निघतं. पुन्हा बोलावलं तर ते येतील कशाला?

काठावरची:
मग वेळ बदला, दिवस कशाला? सकाळी लसीकरण, तीननंतर ज्येष्ठ, तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत. आशाताई तिशीपुढच्यांचे सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका गुणांत मोजणारे फॉर्म, भरतातच. ज्यांचे गुण ४ च्या वर, त्यांना आधी बोलवा. बाळाला घेऊन सून निघते, तिच्याबरोबर सासूबाईही येतात.

माळरान:
सून दहाला येणार आणि सासूबाई तीनला. बरोबर कशा आल्या?

पावतीबहाद्दर:
बीपीचं यंत्र कुणाच्या पैशांनी घेणार, ते आधी बोला. गावच्या आरोग्य-पोषण समितीचा अबंधित निधी, म्हणजे गरजेप्रमाणे खर्चायचे पैसे, वर्षाला १०,००० रुपये. तोही उशिरा येतो, मग मार्चअखेरीस घाईघाईने बिलं लावतात. बैठक न घेता ठरावावर सह्या फिरवतात. खरेदी काय झाली, हे आशालाच ठाऊक नसतं. भागीदारी म्हणे!

काठावरची:
एवढ्यावर अडलंय का? पंचायतीच्या स्वउत्पन्नातले १०% महिला-बालकल्याणाचे असतात, ते वापरा.

माळरान:
अजिबात नाही! पोरींच्या आणि बाळांच्या वाट्याचे पैसे आहेत ते. अंगणवाडीतला वजनकाटा शून्यावर येत नाही, दंडघेराची पट्टी फाटलेली, ११.५ सेंमीच्या आतलं, म्हणजे तीव्र कुपोषित मूल सुटलं तर जबाबदार कोण?

पावतीबहाद्दर:
हे मात्र खरं. दिव्यांगांसाठीचे ५% वेगळे असतात. ऐकू न येणाऱ्या, दिसत नसलेल्या ज्येष्ठांची प्रमाणपत्रं काढून घेतलीत, तर त्यांची उपकरणं त्यातून निघतील. बीपी यंत्र अबंधित निधीतूनच घ्या, पण ठराव बैठकीत करा आणि दंडपट्टे दोन मापांचे घ्या. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा फुगतो.

काठावरची:
म्हणजे यंत्र घ्यायला तुमची हरकत नाही, एवढं तरी ठरलं.

माळरान:
खोली वेगळी, माणूस वेगळा, तर माझाही विरोध मागे. आरोग्य सेविकेला लसीवरून उठवायचं नाही, तपासणी सीएचओने, म्हणजे उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने करायची. आणि बीपी निघालेल्यांच्या महिन्याच्या गोळ्या उपकेंद्रात आहेत का, हे आदल्या आठवड्यात बघायचं. नसतील तर दवंडीच देऊ नका.