चेंबरसोबत स्ट्रेनरही बघा

माझदाच्या १३बी या रोटरी (पिस्टनऐवजी रोटर फिरणाऱ्या) इंजिनाबद्दल ‘१३बीचं कुठलंही चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) कुठल्याही १३बीला बसतं, बोल्ट जुळले की झालं’ असं काहीजण म्हणतात. बोल्टपुरतं ठीक, पण गाडीत बसवताना आडवे येतात क्रॉसमेंबर (इंजिनाखालून जाणारा सांगाड्याचा आडवा भाग) आणि स्टीअरिंगचे रॉड. १९८६ च्या आधीच्या आरएक्स-७ या माझदाच्या गाडीत पुढचं माउंट (इंजिनाला धरणारा आधार) थेट फ्रंट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या झाकणावर असतं. म्हणून तिच्यात नंतरचं १३बी घालणारे १९८४-८५ च्या आरएक्स-७ जीएसएल-एसई या मॉडेलचं फ्रंट कव्हर, चेंबर आणि स्ट्रेनर (चेंबरमधून तेल ओढणाऱ्या पाईपची जाळी) असा अख्खा संच शोधतात. एकटं चेंबर आणून भागत नाही.

स्ट्रेनरवरून आमची फजिती झाली होती. पुण्यात नाना पेठेत हे भाग मिळण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून मित्राच्या इंजिनाचं चेंबर भोसरीत कापून इंचभर उथळ करून घेतलं. वेल्डिंग झकास, पण स्ट्रेनर जुनाच! नशीब, बसवण्याआधी जाळीवर पोरांच्या खेळण्यातली माती थापून चेंबर कोरडंच दाबून पाहिलं. माती पार चपटी, म्हणजे जाळी तळाला टेकत होती. मग स्ट्रेनरचा पाईप कापून तळापासून ८ मिमी जागा ठेवली. रोटरीत रोटरही तेलानेच थंड होतात, तिथे तेल अडलं तर बेअरिंगं आधी जातात.

आणि गळतीबद्दल: चेंबर बसतं ती इंजिनाची खालची बाजू एकसंध नसते, तीन लोखंडी प्लेटा आणि दोन अ‍ॅल्युमिनियम हाउसिंग (रोटरभोवतीची कवचं) मिळून पाच तुकडे. त्या सांध्यांवर सिलिकॉन जरा सढळ हाताने लावा, नुसत्या पॅकिंगवर विसंबू नका.