"आमचा ब्रुनो काही करत नाही" : याला एकदाचं उत्तर

सकाळची_फेरी
परवा श्वानसखा यांनी जे लिहिलं ते आधी जसंच्या तसं देते, म्हणजे नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो" नको. "कुत्रा मुक्त जीव आहे. बांधून ठेवणारे कसाई. आमचा ब्रुनो कॉलनीत मोकळा असतो, आजवर कुणाला काही केलं नाही. ज्यांची फाटते त्यांनी काठी घेऊन फिरावं, नाहीतर घरात बसावं." खाली बदामांचा पाऊस.

ब्रुनो माझ्या ओळखीचा नाही, पण साताऱ्यात शाहूपुरीला आमच्या गल्लीत त्याचा चुलतभाऊ राहतो. तीसेक किलोचा, लॅब्रॅडॉरमध्ये आणखी कशाची तरी भेसळ. गळ्यात भारीतला लाल पट्टा, पट्ट्याचं दुसरं टोक कुणाच्याच हातात नाही. पहाटे मालक गेट उघडतात, कुत्रा बाहेर, गेट बंद, मालक परत अंथरुणात. कुत्र्याचं सगळं उरकतं ते दुसऱ्यांच्या दारात. मग स्वारी कोपऱ्यावरच्या डीपीखाली बसते आणि येईल त्या दुचाकीच्या मागे लागते. दूधवाले दोन्ही पाय वर उचलून, किटल्यांच्या खडखडाटात गाडी नुसती सोडून देतात. पेपरवाल्या पोरानं आत येणं बंद केलंय, कोपऱ्यावरच्या कंपाउंडवर सगळ्यांचे पेपर ठेवतो आणि पसार होतो. गेल्या महिन्यात शेजारच्या बाई स्कूटीवरून पडल्या. कोपर फुटलं, डब्यातली भाजी रस्त्यावर. मालक गॅलरीतून काय म्हणाले? "तुम्ही गाडी पळवलीत ना, म्हणून तो मागे आला. थांबायचं की!"

तर "काही करत नाही" म्हणजे चावला नाही, एवढंच ना?

भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काळजी मालकानं घ्यायची आहे. रस्त्यानं जाणाऱ्यानं काठी घ्यावी असं त्यात कुठेही नाही.

आणि ते "मुक्त जीव" वगैरे राहू द्या. सकाळी उठून त्याला फिरवायचा तुम्हाला कंटाळा आहे, त्या कंटाळ्याला तत्त्वज्ञानाचा झब्बा घातलाय.

कंदी_पेढा
झब्बा! आता श्वानसखा येणार. खुर्च्या मांडा.

श्वानसखा
आलो. ताई, तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याचा हिशेब ब्रुनोच्या नावावर कशाला? ब्रुनोनं कुणाची भाजी सांडलेली नाही.

बांधलेल्या कुत्र्याचं काय होतं ते बघायचं असेल तर आमच्याकडे या. मागच्या बंगल्यात एक जर्मन शेफर्ड आहे. गच्चीवर, पत्र्याखाली, हातभर साखळी. मे महिन्यात पाण्याचं भांडं दुपारपर्यंत कोरडं. दिवसभर एकाच जागी गोल फिरून फिरून फरशीवर त्याच्या पायांचं रिंगण उमटलंय. तो मात्र "जबाबदार मालकाचा" कुत्रा, कारण तो तुमच्या वाटेत येत नाही! एकदा सुटला तेव्हा त्यानं घरच्याच मोलकरणीला फोडलं. बांधून बांधून कुत्रं पिसाळतं, मोकळं सोडून नाही.

आणि साताऱ्याच्या माणसानं तरी कुत्र्याला नावं ठेवू नयेत. थोरल्या शाहू महाराजांनी आपल्या खंड्या कुत्र्याची समाधी बांधली, संगममाहुलीला जाऊन बघा. त्याला पालखीचा मान होता. तो काय साखळीला होता?

पार्किंगग्रस्त
कुत्रं परवडलं हो. ते निदान हाकललं तर हलतं. आमच्या शेजाऱ्यानं दोन चारचाकी घेतल्या, जागा एकीचीच. दुसरी माझ्या गेटसमोर. वर रविवारी पाइप लावून तासभर धुतो. त्यावर कुठलं कलम आहे का बघा.

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त
दोघांनाही थोडं थोडं.

श्वानसखा, बांधून कुत्रं "पिसाळत" नाही. चिडकं होतं, ते मान्य. पिसाळणं म्हणजे रेबीज, तो विषाणू आहे आणि तो बहुतेक वेळा पिसाळलेल्या जनावराच्या चाव्यातूनच येतो. म्हणजे उलट, रात्रभर मोकळं भटकणाऱ्या कुत्र्यालाच त्याचा धोका. जिल्हाभर दवाखान्यांत आयुष्य गेलं, हे वाक्य रोज ऐकायचो: "साहेब, घरचंच कुत्रं हाय, त्याला कशाला लस?"

आता सकाळची_फेरी यांना. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ काढून वाचा. अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं बराच वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणं हाही. त्यामुळे तो गच्चीवरचा मालक आणि तुमच्या गल्लीतला मालक, दोघं एकाच माळेचे मणी. कायद्याला बांधणंही नको आहे आणि सोडणंही. हातात पट्टा धरून चालणं हवं आहे. तेच तेवढं कुणाला करायचं नसतं.

सकाळची_फेरी
डॉक्टरसाहेब, साखळीला बांधा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. गेट लावा म्हणते आहे.

माहुलीकर
खंड्याचं नाव निघालं म्हणून लिहितो, नाहीतर या भांडणात पडणार नव्हतो.

शिकारीत वाघ चाल करून येत असताना कुत्र्यानं महाराजांना सावध केलं, जीव वाचवला, म्हणून त्याला जहागिरीची सनद आणि पालखी. साताऱ्यात आधी इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी, राहिलेल्या ग्रँट डफनंही १८२६ साली छापलेल्या इतिहासात हे दिलं आहे. पुढची गोष्ट श्वानसखांनी सांगितली नाही. कुणी बडे सरदार दागिन्यांनी मढून, थाटामाटात भेटीला येणार असं कळलं, तेव्हा महाराजांनी जरीचे कपडे आणि जवाहीर कुत्र्याला घातलं आणि स्वतःची पगडीही त्याच्याच डोक्यावर ठेवली. त्यानंतर महाराजांनी पुन्हा डोक्याला काही घातलं नाही म्हणतात. म्हणजे तो पोशाखाचा मान सरदारांची जिरवायला होता. कुत्रा लाडावलेला होता म्हणून नाही. आणि तो महाराजांच्या सोबत असायचा. राजवाड्यातून पहाटे सोडून दिलेला आणि दूधवाल्यांच्या मागे धावणारा नव्हता.

बत्तीस_शिराळा_रिटर्न
पण ती गोष्ट रायगडावरच्या कुत्र्याची ना? चितेत उडी घेतलेला?

माहुलीकर
नाही! तो वाघ्या. दरवेळी हाच घोळ. वाघ्याची कथा शिवाजी महाराजांशी जोडलेली, रायगडावर. खंड्या थोरल्या शाहूंचा, माहुलीत कृष्णा-वेण्णेच्या संगमावर.

भगवा_मावळा_सातारा
वाघ्याला कागदोपत्री काय पुरावा आहे ते सांगा आधी. पुतळा १९३६ चा. उगाच इतिहास म्हणून खपवू नका.

माहुलीकर
अहो, मी कुठे खपवतोय? मी म्हणतोय तो वेगळा कुत्रा आहे.

भगवा_मावळा_सातारा
वेगळा असो नाहीतर कुठलाही. २०२५ मध्ये तो पुतळा हटवण्यावरून एवढं रान पेटलं तेव्हा हे इतिहासतज्ज्ञ कुठे होते?

माहुलीकर
माहुलीतच होतो. तुम्ही कधी घाटावर आलात का सांगा. शाहू महाराजांचं निधन १७४९ चं, वाघ्याची कथा त्याच्या दोन पिढ्या आधीची. साताऱ्यात राहून एवढं माहीत नसेल तर...

कंदी_पेढा
स्कूटीवरून पडलेल्या बाईंचं कोपर बरं होऊन पुन्हा फुटेल, तरी हे दोघं समाधीवरच असतील.

उसाच्या_फडातून
शहरातल्या मंडळींनो, जरा कराडकडं बघा. आमची वस्ती नदीकाठाला, चारी बाजूंनी ऊस. बिबट्या दिवसाढवळ्या दिसतो. तुम्ही म्हणता गेट लावा, पट्टा लावा. आमच्याकडं रात्री कुत्रं बांधलं तर बिबट्याला ताट वाढून ठेवल्यासारखं हाय. आमचं पहिलं कुत्रं गोठ्याच्या मेढीला बांधलेलंच गेलं. सकाळी साखळी होती, त्यात नुसता पट्टा होता. आईनं तो पट्टा अजून खुंटीला ठेवलाय. तवापासून आम्ही मोकळंच सोडतो. भुंकून जागं करतंय आणि जीव वाचवून पळतंय. तुमचं कलम आमच्या फडात चालत नाय.

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त
वस्तीवरचं गणित वेगळं, कबूल. पण रात्री मोकळं कुत्रंही बिबट्याला गावतंच, ते पडवीत दार लावून घेता आलं तर सगळ्यांत चांगलं. आणि माणदेशातले मेंढके कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो बघा. जनावर आधी नरड्यालाच धरतं, खिळे लागले की सोडतं. मोकळं ठेवायचंच असेल तर लस तरी चुकवू नका. तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली, महिन्याभरानं दुसरी, मग दरवर्षी.

उसाच्या_फडातून
लस दिलीय. आम्ही अडाणी नाय.

सकाळची_फेरी
दादा, तुमच्याशी माझं भांडणच नाही. शाहूपुरीत ऊसही नाही. इथे मोकळा सोडायला कारण एकच, आणि ते वर लिहिलंय.

श्वानसखा
बघा, कराडच्या दादांनी मोकळं सोडलं तर "गणित वेगळं". मी सोडलं तर आळशी. वा! ताई, तुमच्यासारख्यांमुळेच लोक कुत्र्यांना विष घालतात. आधी तक्रार, मग व्हॉट्सॲपवर फोटो, मग एक दिवस कुत्रं गटारात पडलेलं सापडतं.

डीजे_मुक्त_सदरबझार
घालू देत की. एक लाडू, विषय संपला.

सकाळची_फेरी
डीजे_मुक्त, ती ओळ काढा. कुत्र्याला विष घालून मारलं किंवा निकामी केलं तर न्याय संहितेचं कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत कैद. आणि मी कलमं सगळ्यांना सारखी सांगते, सोयीनं नाही.

श्वानसखा, तुमच्यासाठी: मी विषाच्या बाजूची नाही. त्या लॅबला पावसात आमच्या पायरीवर घेतलंय, फटाक्यांच्या रात्री तो आमच्या जिन्याखाली थरथरत बसला होता. मालक कुठे होते? गावाला. कुत्र्यावर प्रेम कुणाचं आहे ते तुम्हीच ठरवा.

डीजे_मुक्त_सदरबझार
रागानं लिहिलं. आमच्या मुलाला चावलंय हो. पट्टा असलेलंच कुत्रं होतं. मालक म्हणाले "सगळी इंजेक्शनं झालीयेत". कार्ड मागितलं तर कार्ड सापडेना. मुलाच्या आजीनं तोवर जखमेत हळद-तिखट भरलं. डॉक्टर आमच्यावरच ओरडले.

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त
बरोबर ओरडले. तिखट, चुना, कॉफी, काही नाही. नळ सोडायचा आणि साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, मग तडक दवाखाना. हल्ली पोटात चौदा सुया नसतात, ती भीती म्हाताऱ्यांनी सोडावी. दंडात कातडीत घेतली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, बस. रक्त आलेलं असेल तर जखमेत वेगळं सीरमही लागतं. कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवायचं, पण त्याची वाट बघत लस थांबवायची नाही. लक्षणं दिसल्यावर रेबीजला औषध नाही. मालकाकडे कार्ड नसेल तर "लस झालीय" या शब्दावर तर अजिबात जाऊ नका.

पार्किंगग्रस्त
आजच दुसरी गाडी माझ्या गेटसमोर आहे. फोटो टाकू का?

करंजेची_आजीबाई
नको बाबा.

सगळे पट्ट्यावर भांडताय. आमच्या घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर गावठी कुत्री व्यालीय. सात पिल्लं, त्यातली तीन भुरी, लांब कानांची. गावठीला भुरी लांब कानांची पिल्लं कुठून आली? पलीकडच्या बंगल्यात तसाच कुत्रा आहे. त्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आमचा नर आहे हो आजी, त्याला काय पिल्लं होणार!" आता यांना काय शिकवायचं. दोन पिल्लं गाडीखाली गेली, उरलेल्यांना मी भात घालते. पुढल्या साली तीच मोठी होतील आणि तुम्ही इथेच लिहाल की भटकी कुत्री वाढली.

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त
आजी, मुद्द्याचं बोललात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पाळीव कुत्र्याची लस आणि नसबंदी मालकाच्याच गळ्यात टाकली आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांवरून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडतो आपण, पण घरचा नर रात्री सोडून देणारे त्यात कुठेच मोजले जात नाहीत. श्वानसखा, ब्रुनोचं ऑपरेशन झालंय?

श्वानसखा
नाही. आणि करणारही नाही, निसर्गाच्या विरुद्ध आहे.

कंदी_पेढा
निसर्गात क्रीमचं बिस्कीट कुठल्या झाडाला लागतं?

श्वानसखा
हसा. ठीक आहे, सगळ्यांच्या भावना जपायचं कंत्राट मीच घेतलेलं दिसतंय. उद्यापासून सकाळी पट्ट्यानं फिरवतो, साडेपाच ते साडेसहा. "काठी घ्या, घरात बसा" हे वाक्य काढून टाकलंय, बाकी पोस्ट तशीच राहील. पण ऑपरेशन नाही. ऑपरेशन केलं की कुत्रा जाड होतो, ढिम्म बसतो, राखण करत नाही.

सकाळची_फेरी
उपकार झाले. साडेसहा नंतर काय, गेट पुन्हा उघडं?

श्वानसखा
बंद. खूश?

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त
ऑपरेशननंतर खाणं तेवढंच ठेवून चालणं कमी केलं तर जाड होतो. आधीही होतो. ब्रुनोचं आत्ताचं वजन किती?

श्वानसखा
तो घरचा प्रश्न आहे.

भगवा_मावळा_सातारा
माहुलीकर, १७४९ चा संदर्भ दिला नाहीत अजून.