खानापूर तालुक्यातील पणजोबांचा शोध

प्रश्न: पणजोबांच्या जन्म-मृत्यूची नोंद कुठेच सापडत नाही. आजीच्या पेटीत घडीवर विरलेला एक मोडी कागद तेवढा आहे. पुढे कसे जावे?

उत्तर १: आपण जमिनीचा माग धरावा. खानापूर ज्यात येते तो बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्या काळच्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदीत, खातेदार वारल्यावर वारसांची नावे चढत, त्यामुळे मृत्यूचे साल अंदाजता येते आणि विस्मृतीत गेलेले भाऊही सापडतात. मोडी कागद आधी जाणकाराकडून वाचून घ्या, त्याला चिकटपट्टी मात्र लावू नका.

उत्तर २: नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहा, त्यांत गाव व आडनावावरून कुळाच्या नोंदी सापडतात. आजोबांचेच नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्याने वडिलांचे नाव जुळल्याशिवाय माणूस आपला मानू नये.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. कागदावर वडिलांचे नाव आहे, सोमवारीच तहसीलदार कचेरीत जातो.