प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिन नेमके कसे होते?

प्रश्न: रक्त गोठताना सक्रिय फॅक्टर १० हा एन्झाइम प्रोथ्रॉम्बिन या निष्क्रिय प्रथिनाची साखळी तोडतो आणि त्यातून थ्रॉम्बिन हा एन्झाइम तयार होतो, हे समजले, पण तुटल्यावर हे प्रथिन निकामी होण्याऐवजी कार्यक्षम कसे होते?

उत्तर: आर्जिनिन ३२० (साखळीतील ३२० व्या जागेवरचे अमिनो आम्ल) नंतरचा बंध तुटला की आयसोल्युसिन या अमिनो आम्लाने सुरू होणारे नवे टोक मोकळे होते, ते रेणूच्या आत वळून अ‍ॅस्पार्टेटशी विद्युतभारांच्या आकर्षणाने जोडले जाते आणि त्यामुळे आधी विस्कळीत असलेली सक्रिय जागा (जिथे एन्झाइम आपले काम करतो) योग्य आकार घेते. ट्रिप्सिनोजेन या पाचक एन्झाइमच्या निष्क्रिय रूपाचेही असेच होते. ही यंत्रणा मला विलक्षण सुंदर वाटते.

दुसरे उत्तर: आर्जिनिन २७१ नंतरचा छेदही महत्त्वाचा आहे, कारण कॅल्शियमच्या साहाय्याने पेशीच्या पटलाला चिकटणारा भाग त्यामुळे मागे राहतो आणि थ्रॉम्बिन मोकळे होते.

प्रश्नकर्ता: मग सक्रिय फॅक्टर ५ हे रक्त गोठण्यातले आणखी एक प्रथिन कशासाठी?

दुसरे उत्तर: तो स्वतः काहीही तोडत नाही, प्लेटलेटच्या पटलावर तो सक्रिय फॅक्टर १० आणि प्रोथ्रॉम्बिन या दोघांना योग्य स्थितीत धरतो आणि अभिक्रियेचा वेग प्रचंड वाढतो.